फेज पलटला, निरोप पोचला

कानाला ऐकूही येणार नाही इतक्या क्षीण रेडिओलहरीतून अख्खं वाक्य वाचता येतं. त्यासाठी मोठी ताकद लागत नाही, वेळ काटेकोर पाळावी लागते आणि धीर धरावा लागतो. आळे परिसरातल्या मुलांना तर हे शिकायला लांब जायचीही गरज नाही.

'फेज' हा शब्द आळे गावातल्या पोरांना शिकवावा लागत नाही. मोटार चालू करायला रात्री विहिरीवर कोण जाणार, यावरून घरात वाद सुरू होतो तेव्हा पहिला प्रश्न हाच असतो, ''थ्री फेज लाइट आली का?'' कधी खांबावर काम होतं, दोन फेज अदलाबदल होतात आणि मोटार उलटी फिरायला लागते. पाणी नीट चढत नाही. तार तीच, व्होल्टेज तेच. बदललेला असतो फक्त क्रम, म्हणजे कोणती लहर कोणाच्या आधी वर चढते एवढंच. पण पाइपातून पाणी येणार की नाही, हे त्या एवढ्याशा गोष्टीनं ठरतं.

आता विचार करा, हे 'आधी-नंतर' कुणी मुद्दाम, ठरवून, ठेक्यात बदललं आणि त्यातून निरोप पाठवला तर?

जगभरातले हौशी रेडिओवाले, ज्यांना आपण 'हॅम' म्हणतो, ते हेच करतात. त्यातले काही चिवट लोक हा खेळ रेडिओच्या अगदी खालच्या मजल्यावर खेळतात, म्हणजे एफएम आणि शॉर्टवेव्हच्याही कितीतरी खाली. तिथं लहरी किलोमीटरमध्ये मोजतात आणि एक वाक्य पोचायला कधी कधी तासभर लागतो. हातात फाइव्ह-जी असताना हा उद्योग कशाला, असं तुम्ही म्हणाल. थोडं थांबा. आळेफाट्यापासून गाडीनं थोड्याच वेळात पोचता येईल अशा खोडद गावी जगातली एक मोठी दुर्बीण याच युक्तीवर चालते.

कदम बदल!

एनसीसीत असाल तर फेज पटकन कळेल. परेडमध्ये सगळे एका वेगानं चालतायत. डावा, उजवा, डावा, उजवा. एकाचा पाय चुकतो. त्याचा वेग तोच, पावलाची लांबी तीच, पण सगळ्यांचा डावा पडतो तेव्हा त्याचा उजवा पडतो. रेडिओच्या भाषेत त्या कॅडेटचा फेज १८० अंशांनी उलटा आहे. 'कदम बदल' असा हुकूम आला, की तो पाऊल जोडून घेतो आणि पुन्हा रांगेत मिसळतो. मराठी विज्ञानाच्या पुस्तकांत फेजला 'कला' म्हणतात आणि दोन लहरींतल्या अशा फरकाला 'कलांतर'. बोलताना मात्र आपण फेजच म्हणू.

रेडिओलहरही अशीच पावलं टाकत जाते. तिला ठरलेल्या क्षणी कदम बदलायला लावलं, की त्यातून शून्य आणि एक लिहिता येतात. हौशी रेडिओत सगळ्यात गाजलेली अशी पद्धत म्हणजे 'पीएसके ३१'. पीटर मार्टिनेझ या ब्रिटिश हॅमनं १९९८ मध्ये ती सगळ्यांसमोर आणली. मूळ कल्पनेचं श्रेय तो पावेल यालोखा या पोलिश हॅमला देतो. नियम एका ओळीचा आहे. सेकंदाला ३१.२५ ठेके. ठेक्यावर लहरीनं कदम बदलला तर शून्य, तशीच पुढे गेली तर एक. 

३१.२५ हा आकडा विचित्र वाटतो, पण त्याचं कारण साधं आहे. सेकंदाला ८००० नमुने घेणारं साउंड कार्ड धरा आणि ८००० ला २५६ नं भागा. म्हणजे हा आकडा संगणकाच्या सोयीनं आला. वेगळं यंत्र लागत नाही, लॅपटॉपचं साउंड कार्डच सगळं काम करतं. कदम बदलताना लहर एकदम उलटी केली, तर झटका बसून आजूबाजूला घाण पसरते. म्हणून उलटण्याच्या क्षणी ती हळूच शून्यावर आणतात आणि पुन्हा वर नेतात. त्यामुळे हा संकेत जेमतेम ६० हर्ट्झची जागा घेतो. माणसाच्या बोलण्याला रेडिओवर अडीच हजार हर्ट्झच्या आसपास जागा लागते. एका माणसाच्या बोलण्याच्या जागेत असे कितीतरी जण शेजारी शेजारी टाइप करत गप्पा मारू शकतात. वेग मिनिटाला साधारण ५० शब्द, म्हणजे बऱ्यापैकी टायपिंग येणाऱ्या माणसाइतका.

ऐकायला हे कसं लागतं? बारीक, किंचित थरथरणारी शिट्टी. पडद्यावर ती धबधब्यासारख्या खाली सरकणाऱ्या चित्रात दोन बारीक रुळांसारखी दिसते. त्यावर क्लिक केलं, की खाली अक्षरं उमटायला लागतात. पहिल्यांदा हे बघताना मजा वाटते. कानाला नुसती खरखर ऐकू येत असते आणि पडद्यावर कुणीतरी आपल्या गावाचं हवामान सांगत असतो.

'ई'ला दोन, 'झेड'ला दहा, आणि काना-मात्रेला?

मार्टिनेझनं आणखी एक काटकसर केली. इंग्रजीत जे अक्षर जास्त वेळा येतं, त्याला छोटा संकेत दिला. दोन शब्दांमधली मोकळी जागा म्हणजे नुसता १. छोटा 'ई' म्हणजे ११. छोटा 'टी' १०१. क्वचित येणाऱ्या मोठ्या 'झेड'ला मात्र दहा अंक. कुठल्याही अक्षराच्या संकेतात दोन शून्यं शेजारी शेजारी येत नाहीत, त्यामुळे ०० दिसलं, की अक्षर संपलं असं समजायचं. या तक्त्याचं नाव 'व्हेरिकोड'. यातून एक गंमतही निघते. मोठ्या लिपीतली अक्षरं लांब असल्यानं पीएसकेवर ओरडून, म्हणजे सगळं कॅपिटलमध्ये लिहिणाऱ्याचा निरोप हळू जातो.

पण मूळ तक्त्यात देवनागरी नाही. मराठी हॅमना एकमेकांशी मराठीत लिहायचं तर रोमन लिपीत 'kasa kay' छापाचंच लिहावं लागतं, आपण व्हॉट्सअपवर लिहितो तसं. युनिकोडमधलं देवनागरी तसंच्या तसं पाठवायचं म्हटलं, तर नेहमीच्या पद्धतीत प्रत्येक चिन्हाला तीन बाइट, म्हणजे चोवीस अंक लागतात. सेकंदाला ३१ ठेक्यांच्या दुनियेत हा खर्च परवडणारा नाही.

मग मराठीचा व्हेरिकोड का नको? हिशेब वहीच्या एका पानावर होतो. एकनं सुरू होणारे, एकनं संपणारे आणि मध्ये दोन शून्यं शेजारी नसलेले संकेत मोजा. एक अंकी १, दोन अंकी १, तीन अंकी २, चार अंकी ३, पाच अंकी ५, मग ८, १३, २१, ३४. आकडे ओळखीचे वाटले? ही फिबोनाचीची मालिका. तीच मालिका आपल्याकडे छंदशास्त्रात लघु-गुरू मांडताना हेमचंद्रानं फिबोनाचीच्या आधी सांगितली होती. आता बेरीज करा. नऊ अंकांपर्यंत एकूण ८८ संकेत मिळतात. मराठीतले स्वर, व्यंजनं, काना, मात्रा, वेलांट्या, उकार, अनुस्वार, हलन्त, आकडे आणि थोडी विरामचिन्हं त्यात बसवता येतात. कुठल्या चिन्हाला किती छोटा संकेत द्यायचा, हे मराठी मजकूर मोजून ठरेल. कान्याला छोटा संकेत मिळेल आणि 'ञ'ला लांब, एवढं मोजल्याशिवायही सांगता येतं. बाकीचं मोजायचं काम तिसऱ्या सेमिस्टरच्या मुलांना जमण्यासारखं आहे. वर्तमानपत्रांची महिनाभराची पानं आणि पन्नास ओळींचा प्रोग्राम, बस. रेडिओचा परवाना यासाठी लागत नाही.

दोन किलोमीटर लांबीची लहर

आता खालच्या मजल्यावर जाऊ. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या २००७ च्या परिषदेत हौशी रेडिओला १३५.७ ते १३७.८ किलोहर्ट्झ हा चिंचोळा पट्टा मिळाला आणि २०१२ च्या परिषदेत ४७२ ते ४७९ किलोहर्ट्झ. पहिल्या पट्ट्यात लहरीची लांबी सुमारे २२०० मीटर, दुसऱ्यात ६३० मीटर. अर्ध्या लहरीइतका अँटेना चांगला काम करतो, असा साधा नियम आहे. म्हणजे पहिल्या पट्ट्यासाठी १.१ किलोमीटर लांब तार हवी. इतकी तार उंचावर टांगणं कुणाला शक्य आहे? मग लोक घराच्या गच्चीवरून झाडापर्यंत जमेल तेवढी तार लावतात आणि मोठ्या कॉइलनं तिला सुरात आणतात. अशा अँटेनात शेकडो वॅट ओतले, तरी बहुतेक शक्ती कॉइल आणि जमीन तापवण्यात जाते. आकाशात एखादा वॅट निघतो. नियमानुसार पहिल्या पट्ट्यात परवानगीही एवढीच आहे, एक वॅट.

शंभर वर्षांपूर्वी खंडापार तारायंत्राचा संदेश न्यायचा म्हणजे अशाच लांब लहरी, उंच मनोरे आणि प्रचंड वीज, असं समीकरण होतं. ते मोडलं त्यात पुणे जिल्ह्याचाही वाटा आहे. १९२७ मध्ये इंग्लंडशी 'बीम वायरलेस' सेवा सुरू झाली तेव्हा भारतातलं पाठवणारं केंद्र खडकीला होतं आणि घेणारं दौंडला. ती सेवा शॉर्टवेव्हवर होती. तारांची अख्खी रांग लावून सगळ्यांचा फेज एका दिशेला जुळवायचा, की लहर झोतासारखी त्या दिशेला जाते, ही त्यामागची युक्ती. शॉर्टवेव्ह स्वस्त पडली आणि लांब लहरी मागे पडल्या.

मग हौशी मंडळी परत तिथं का जातात? कारण लांब लहर शांत डोक्याची असते. शॉर्टवेव्ह वरच्या आयनांबरातून उसळ्या मारत येते आणि आयनांबर सतत हलत असतं, म्हणून तिचा फेज भरवशाचा नसतो. १३७ किलोहर्ट्झची लहर जमिनीलगत किंवा आयनांबराच्या खालच्या थरातून येते आणि तिचा फेज बराच वेळ टिकतो. फेज टिकला, की बेरीज करता येते.

इथं दिंडी आठवा. एकट्या माणसाचा टाळ आळेफाट्याच्या चौकात, एसटी आणि ट्रकच्या हॉर्नमध्ये, ऐकू येणार नाही. शंभर टाळकरी एका ठेक्यात वाजवत आले, की लांबून कळतं. ते शंभर जण वाट्टेल तेव्हा वाजवायला लागले, तर नुसता गलका. एकाच जागी येणाऱ्या क्षीण लहरीचे शंभर तुकडे फेज जुळवून एकावर एक ठेवले, तर लहर शंभर पट होते. गोंगाटाचे तुकडे मात्र कधी वर, कधी खाली असल्यानं एकमेकांना खातात आणि तो फक्त दहा पट वाढतो, म्हणजे शंभरच्या वर्गमुळाइतका. दहा हजार तुकडे जोडले, तर लहर दहा हजार पट आणि गोंगाट शंभर पट. ताकद वाढवायची गरजच नाही, वेळ वाढवायचा.

अट एकच, घड्याळ चुकता कामा नये. साध्या क्रिस्टलमध्ये दहा लाखांत एक इतकी चूक असली, तर १३७ किलोहर्ट्झवर ती ०.१३७ हर्ट्झ होते. वाटते किरकोळ. पण साडेतीन सेकंदांच्या आसपास लहर बरोब्बर उलटी होते, बेरजेऐवजी वजाबाकी सुरू होते आणि केलेलं सगळं पाण्यात. म्हणून या खेळातले लोक दोन्ही टोकांची यंत्रं जीपीएसच्या वेळेला बांधतात. पॉल निकोल्सन या ब्रिटिश प्रयोगकर्त्यानं 'एबनॉट' नावाची पद्धत बनवली, तीही याच तत्त्वावर. तिच्यात फेज पलटवून, चुका दुरुस्त करणारा जाडजूड संकेत जोडून, छोटासा निरोप मिनिटं किंवा तास लावून पाठवतात. समोरचा ते सगळं रेकॉर्ड करतो आणि नंतर संगणकाला बसवून उकलायला लावतो. वाट पाहणं हाच या छंदाचा मोठा भाग आहे.

खोडदच्या तीस डिश

नारायणगावहून खोडदकडे जाताना शेतांच्या मागून त्या जाळीदार डिश दिसायला लागतात. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय खगोलभौतिकी केंद्राची ही महाकाय मीटरवेव्ह रेडिओ दुर्बीण, म्हणजे आपली जीएमआरटी. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस डिश. त्यातल्या चौदा मधल्या भागात दाटीनं आहेत आणि सोळा इंग्रजी 'वाय'च्या आकारात तीन फांद्यांवर. पसारा सुमारे २५ किलोमीटरचा. प्राध्यापक गोविंद स्वरूप यांनी तारांच्या दोरखंडांवर बारीक जाळी ताणून डिश हलक्या आणि स्वस्त केल्या, म्हणून एवढ्या उभ्या राहू शकल्या.

खगोलवाले ज्याला 'कमी वारंवारता' म्हणतात, ती हॅमच्या कमी वारंवारतेहून हजार पट वर, म्हणजे शंभर ते दीड हजार मेगाहर्ट्झच्या घरात असते. पण डोकं तेच लागतं. आकाशातून येणारी एकच लहर तीसही डिशवर वेगवेगळ्या क्षणी पोचते. ते संकेत ऑप्टिकल फायबरनं मध्यवर्ती इमारतीत आणतात, सगळ्यांची पावलं एका घड्याळाशी जुळवतात आणि मग जोडतात. फेज जुळला, तर तीस डिश मिळून एक दुर्बीण. नाही जुळला, तर नुसती तीस भांडी.

दोन्ही जगांना जोडणारा माणूसही आहे. अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ जोसेफ टेलर यांनी रसेल हल्स यांच्यासोबत १९७४ मध्ये एकमेकांभोवती फिरणाऱ्या जोडीतला पहिला पल्सार शोधला आणि त्यासाठी दोघांना १९९३ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. पल्सारचे ठोके गोंगाटात बुडालेले असतात. त्याचा काळ अचूक माहीत असेल, तर हजारो ठोके एकावर एक रचून तो वर काढता येतो. हेच टेलर लहानपणापासून हॅम. त्यांनी २००८ मध्ये 'व्हिस्पर' ही पद्धत बनवली. ती फेज पलटवत नाही, चार जवळजवळच्या स्वरांत बोलते. फक्त ५० अंकांचा निरोप पाठवायला जवळपास दोन मिनिटं घेते आणि सहा हर्ट्झमध्ये मावते. बोलण्याच्या रुंदीत मोजलेला गोंगाट संकेताच्या सहाशे पट असला, तरी ती निरोप वाचते. जीएमआरटीनंही पल्सार शोधलेत. आपल्या तालुक्यात जे विज्ञान चालतं, त्याचा घरगुती धाकटा भाऊ म्हणजे हा छंद.

लाइट गेली की सुरू करा

आळे गावात बसून तुम्हाला काय करता येईल? सगळ्यात खालच्या मजल्यावर, २४ किलोहर्ट्झच्या खाली, ऐकायला रेडिओसुद्धा लागत नाही. लॅपटॉपचं साउंड कार्ड सेकंदाला ४८ हजार नमुने घेतं, म्हणजे २४ किलोहर्ट्झपर्यंतचं सगळं त्याला दिसतं. मीटरभराची लाकडी चौकट, तिच्यावर इन्सुलेटेड तारेचे तीस-चाळीस वेढे आणि ती तार मायक्रोफोनच्या खाचेत. ऑस्ट्रेलियाच्या वायव्य टोकावर पाणबुड्यांसाठी १९.८ किलोहर्ट्झवर चालणारं मोठं नौदल केंद्र आहे. त्याचा संकेत भारतात पोचतो आणि बनारस हिंदू विद्यापीठासारख्या ठिकाणी आयनांबराच्या अभ्यासासाठी तो वापरलाही गेलाय. त्याच्यातही फेजच हळूहळू पुढे-मागे सरकवत माहिती भरलेली असते. निरोप गुप्त लिपीत असतो, त्याच्याशी आपल्याला देणंघेणं नाही. आपण फक्त त्याची ताकद मोजायची.

या लहरीची लांबी १५ किलोमीटरच्या वर. म्हणजे एक लहर आळेफाट्याला सुरू झाली, तर ती नारायणगावच्या आसपास संपते. ती जमीन आणि आयनांबर यांच्यामधून बोगद्यातून यावी तशी येते. दिवसा या बोगद्याचं छत साधारण ७० किलोमीटरवर असतं, रात्री ते वर सरकतं. म्हणून पहाटे आणि संध्याकाळी आलेखात ठळक खड्डे दिसतात. सूर्यावर मोठी ज्वाला उठली, की क्ष-किरणांमुळे छत काही मिनिटांत खाली येतं आणि संकेताची ताकद आणि फेज दोन्ही उडी मारतात. सूर्यावरची घटना आळे गावातल्या अंगणात, तारेच्या वेटोळ्यात दिसते.

पहिल्यांदा लावाल तेव्हा मात्र निराशा होईल. पडद्यावर सगळीकडे उभ्या रेघा दिसतील. त्या एलईडी दिव्यांच्या, मोबाइल चार्जरच्या, सोलरच्या इन्व्हर्टरच्या, विहिरीवरच्या स्टार्टरच्या. वळवाच्या दिवसांत विजांची कडकड वेगळीच, कारण वीज चमकली की तिचा मोठा आवाज याच पट्ट्यात येतो. अशा वेळी आपल्याकडची एक सोय कामाला येते. लाइट जाते! अख्ख्या गावाचा आवाज बंद. लॅपटॉप बॅटरीवर ठेवा, चौकट घेऊन बांधावर जा. लोडशेडिंगचा असा उपयोग दुसऱ्या कुठल्या छंदात होत नसेल.

शांतता कुणाची?

हे सगळं करताना एक गोष्ट हळूहळू डोक्यात शिरते. शांतता ही फुकट मिळणारी वस्तू नाही. खोडदची जागा निवडली, त्यात इथल्या डोंगरांचा आडोसा आणि रेडिओचा कमी गोंगाट ही मोठी कारणं होती. म्हणून तर दुर्बिणीच्या आवारात मोबाइल बंद ठेवायला सांगतात. आणि म्हणूनच नारायणगाववरून जाणाऱ्या पुणे-नाशिक रेल्वेच्या मार्गाला जीएमआरटीकडून आक्षेप आला आणि मार्ग बदलायची चर्चा सुरू झाली.

हा विषय आपल्याकडे चहाच्या टपरीवर निघाला, की आवाज चढतात. चढणारच. पुण्याला कॉलेजला जाणाऱ्या, चाकणच्या ट्रॅफिकमध्ये एसटीत तास-तास अडकणाऱ्या मुलामुलींना रेल्वे हवी आहे, आणि ही मागणी खोटी नाही. 'त्या डिशचा आम्हाला काय उपयोग,' असं त्यांच्यातलं कुणी म्हणालं, तर त्याला गप्प करून चालणार नाही. पण ज्यानं एकदा बांधावर बसून, लाइट गेल्यावर, खरखरीतून बारीक रेघ वर येताना पाहिली, त्याला दुसरी बाजूही कळते. विजेच्या गाडीची एक ठिणगी किंवा एखादा भिकार चार्जर काय करू शकतो, हे त्यानं स्वतःच्या पडद्यावर पाहिलेलं असतं. त्यानंतर तो जो प्रश्न विचारेल, तो जास्त नेमका असेल. किती अंतरावरून? कुठल्या पट्ट्यात किती आवाज? तो आडोशानं, फिल्टरनं कमी करता येतो का? 'रेल्वे की दुर्बीण' या भांडणात असे प्रश्न विचारणारी तालुक्यातली पोरं असली, तर भांडण निदान आकड्यांवर तरी येईल.

ज्ञानेश्वरांनी ज्याच्या तोंडून वेद वदवले, असं आपण मानतो, त्या रेड्याची समाधी आळे गावात आहे. जे मुकं आहे असं सगळे म्हणतात, त्याच्याकडे कान देऊन बघायची सवय या गावाला जुनी आहे.

चौकट : सुरुवात कशी कराल?

१. रेडिओशिवाय पीएसके : दोन लॅपटॉप घ्या. दोन्हींवर 'एफएलडिजी' हा मोफत प्रोग्राम टाका आणि 'बीपीएसके ३१' निवडा. एकाच्या स्पीकरमधून निरोप वाजवा, दुसऱ्याच्या माइकनं ऐका. हवेतून जातो तो नुसता आवाज, त्यामुळे परवाना लागत नाही. मग अंतर वाढवा, मध्ये मिक्सर लावा, ट्रॅक्टर चालू करा. कानाला शिट्टी हरवते तेव्हा अक्षरं येतात का, ते बघा. आवाज मुद्दाम फुल्ल करूनही बघा. शिट्टी फाटते आणि शेजारी नकोशा रेघा उगवतात. रेडिओवर हाच गुन्हा सगळ्यात जास्त वेळा होतो.

२. तारेची चौकट : लॅपटॉपला माइकची वेगळी खाच नसेल, तर साधं यूएसबी साउंड कार्ड चालतं. नमुन्यांचा वेग ४८ हजारावर ठेवा आणि 'नॉइज सप्रेशन' बंद करा. 'स्पेक्ट्रम लॅब' हा मोफत प्रोग्राम आलेख काढून देतो. चौकट विजेच्या खांबापासून आणि तारांपासून लांब ठेवा. ढग गडगडायला लागले, की सगळं काढून घरात या. मोटारीच्या पेटीजवळ प्रयोग करायचे नाहीत.

३. परवाना : रेडिओवरून बोलायचं, तर हौशी केंद्रचालकाची सरकारी परीक्षा द्यावी लागते. वयाची बारा वर्षं पूर्ण झालेल्या कुणालाही ती देता येते. पेपरात थोडं इलेक्ट्रॉनिक्स आणि थोडे नियम असतात. रिस्ट्रिक्टेड आणि जनरल असे दोन वर्ग आहेत आणि मोर्सची चाचणी जनरलवाल्यांनाच असते. व्हीयू ३ नं सुरू होणारी नावं रिस्ट्रिक्टेडवाल्यांची, व्हीयू २ ची जनरलवाल्यांची. अर्ज दूरसंचार विभागाच्या 'सरल संचार' या संकेतस्थळावर होतो. तिथले चालू नियम वाचा. कुठला पट्टा तुमच्या वर्गाला खुला आहे, हे परवान्यात बघितल्याशिवाय काही पाठवू नका. पाठवायचा संच विकत घेण्याचं काम परवान्यानंतर.

४. शेजारधर्म : हौशी रेडिओचा १४४ मेगाहर्ट्झचा लोकप्रिय पट्टा जीएमआरटी जिथं ऐकते, त्या भागात येतो. या परिसरात परवाना मिळाल्यावर पहिला फोन दुर्बिणीच्या कार्यालयाला करा आणि काय चालेल ते विचारा.

५. २८ फेब्रुवारी : राष्ट्रीय विज्ञान दिनाला जीएमआरटी लोकांसाठी खुली असते आणि परिसरातल्या शाळा-कॉलेजांचं विज्ञान प्रदर्शनही तिथं भरतं. एक लाकडी चौकट, एक लॅपटॉप आणि आठवडाभराचा आलेख एवढ्यावर टेबल मांडता येतं. शेजारी मराठी व्हेरिकोडचा तक्ता लावलात, तर आणखी छान. आलेखावर सूर्योदय कुठला, वीज चमकलेली कुठली आणि लाइट गेलेली कुठली, हे मात्र तुम्हाला सांगता आलं पाहिजे. बघायला येणारे तेच विचारतील.